ऊर्जेचा अभ्यास आणि पदवीचे नाव



दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आयएनए स्थानकावरून मेट्रो मिळते. एम्स आणि ग्रीन पार्क मागे पडले की हौज खास येते. तेथील आयआयटीत 1976 साली ऊर्जा अध्ययन केंद्र स्थापन झाले. 2021 मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग झाला आणि ऊर्जा अभियांत्रिकीची पदवी सुरू झाली. त्याच विद्यार्थ्याला दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्राची बी.एस्सी.ही करता येते. पहिल्या वाटेवर जेईई ॲडव्हान्स्ड आहे, दुसरीवर 2022 पासून सीयूईटी. ज्याला ऊर्जेचाच अभ्यास करावयाचा आहे, त्याने पदवीच्या नावात 'ऊर्जा' हा शब्द शोधावा काय? पालकांचा कल तिकडे असतो, आणि नोकरीच्या चिंतेने तो असणे स्वाभाविकही आहे.

उत्तरासाठी गच्चीवरील सौर पॅनेलकडे पाहावे. ऊन कडक तितकी वीज अधिक, असा सर्वसाधारण समज. पॅनेलवर छापलेले 400 वॅट हे मात्र 25 अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात दिल्लीत तेच पॅनेल 65 अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती दर अंशामागे साधारण 0.4 टक्क्याने घटते; म्हणजे चाळीस अंशांत सोळा टक्के गेले आणि तेवढ्याच प्रकाशात 336 वॅट उरले. हा हिशेब कोष्टकावरून कोणीही करील. तापमान वाढल्यावर अर्धवाहकातील विद्युतदाब का उतरतो, हे समजण्यास मात्र पुंज यांत्रिकी आणि सांख्यिकीय भौतिकी लागते. हे विषय बी.एस्सी.च्या नेहमीच्या अभ्यासक्रमातच असतात, त्यांवर 'ऊर्जा' अशी पाटी नसते इतकेच. ऑक्टोबर 2018 मध्ये बंद झालेल्या बदरपूरच्या औष्णिक केंद्रालाही कार्नोने 1824 साली दाखविलेली मर्यादा लागू होती. यंत्र कितीही उत्तम असो, सारी उष्णता विजेत उतरत नाही.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी. घरी बोलताना बल, शक्ती, ऊर्जा या सर्वांना 'ताकद' हा एकच शब्द पुरतो. शाळेच्या पुस्तकात मात्र तिन्ही काटेकोरपणे वेगळ्या आहेत. वीजबिलावरील किलोवॅट ही शक्ती आणि युनिट ही ऊर्जा, हा भेद ज्याला आठवीनववीत उमगला, त्याला महाविद्यालयात फक्त इंग्रजी नावे नव्याने शिकावी लागतात. ज्याने व्याख्या पाठ केल्या, त्याचे पहिले सत्र जड जाते. पण त्याचा दोष माध्यमावर टाकणे अन्यायाचे होईल. खरी कसोटी गणिताची असते. उष्मागतिकीत आंशिक अवकलन येते, तेव्हा इंग्रजी माध्यमातून आलेलेही तितकेच गोंधळतात.

तेव्हा ज्याला संयंत्र उभारण्याची हौस आहे, त्याने अभियांत्रिकीकडे जावे. ज्याला विद्युतदाब का उतरला हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याने निःशंकपणे भौतिकशास्त्र घ्यावे. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षेतून त्याच हौज खासच्या आयआयटीत एम.एस्सी.साठी प्रवेश मिळू शकतो.