सेवाग्रामचा नास्तिक पाहुणा

देव मानणारा आणि न मानणारा समोरासमोर आले की वाद पेटणारच, असं आपण धरून चालतो. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात मात्र वेगळं घडलं.

आंध्रातले गोपाराजू रामचंद्र राव, म्हणजेच गोरा, पक्के नास्तिक. वनस्पतिशास्त्राचं अध्यापन सोडून त्यांनी खेड्यात अस्पृश्यता निवारणाचं काम हाती घेतलं होतं. १९४४ साली ते सेवाग्रामला आले. रोज प्रार्थना होणाऱ्या त्या आश्रमात गांधीजींनी त्यांना प्रश्न विचारले, त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि त्यांचं कामही जाणून घेतलं. ‘माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक, असं मी म्हणू शकत नाही. आपण दोघेही सत्याचे शोधक आहोत’, अशी भूमिका त्यांनी घेतली. ‘सत्य हाच ईश्वर’ असं तर ते आधीपासूनच म्हणत होते.

पुढे गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं. ते आश्रमात लावून द्यायला गांधीजी तयार झाले आणि शपथेत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायलाही त्यांनी होकार दिला. लग्नाआधीच त्यांची हत्या झाली. पण ठरल्याप्रमाणे मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामलाच हे लग्न लागलं.

गांधीजींनी प्रार्थना सोडली नाही, गोरांनी नास्तिकता सोडली नाही. अस्पृश्यता जायला हवी, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. म्हणून मतभेद असतील तिथे आधी समोरच्याचं काम विचारावं, मत त्यानंतर.