पेशीच्या आतले जग आणि आपला सिकलसेल



आजचा विषय विज्ञानाचा आहे आणि बोलणारे आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत लेजर लिहिणारे. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पेशी हा शब्द शाळेच्या पुस्तकापुरता राहिलेला नाही, तो सोयरिकीच्या बैठकीत येऊन बसला आहे. ‘मुलीचा पॅटर्न काय आहे?’ असे कुजबुजत विचारले जाते आणि विचारणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ नीट माहीत असतोच असे नाही.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. पेशी म्हणजे नुसता द्रवाचा थेंब नव्हे, ते एक चालते कार्यालय आहे. बाहेर पातळ पटल असते. काय आत घ्यावे आणि काय बाहेर सोडावे, हे ते ठरवते. मध्यभागी केंद्रक, म्हणजे आमच्या भाषेत स्ट्राँगरूम. त्यात ४६ गुणसूत्रे असतात आणि शरीर कसे घडवायचे याचा सगळा मजकूर त्यांच्यावर असतो. हे मूळ दप्तर केंद्रकाबाहेर जात नाही, हवा तेवढा भाग नकलून बाहेर पाठवला जातो. ती नक्कल वाचून रायबोझोम नावाचे बारीक कण प्रथिने तयार करतात. आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल यांच्याकडे अनेक प्रथिनांवर पुढची प्रक्रिया, बांधणी आणि रवानगी. तंतुकणिका अन्नातून ऊर्जा मोकळी करतात, लयकारिका मोडतोड निकालात काढतात. दहावीच्या मुलांना ही यादी पाठ असते. पण परीक्षेत न विचारली जाणारी गोष्ट ही, की रायबोझोम हा कारकून फार इमानदार आहे. मूळ दप्तरात चूक असेल तर तो ती दुरुस्त करीत नाही, आहे तसे उतरवतो.

आता रक्तातल्या तांबड्या पेशीकडे या. ही पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत जन्मते, तेव्हा तिच्याकडे केंद्रक असते, रायबोझोम असतात, तंतुकणिकाही असतात. ती झपाट्याने हिमोग्लोबिन तयार करते. मग ती केंद्रक चक्क बाहेर टाकते, पुढे एक-दोन दिवसांत तंतुकणिका आणि रायबोझोमही नाहीसे होतात. उरते ती सुमारे २५ कोटींहून अधिक हिमोग्लोबिन रेणूंनी भरलेली मऊ, चपटी पिशवी. मध्ये खोलगट असल्यामुळे स्वतःहून अरुंद नळीतूनही ती दुमडून निघते. मात्र आता तिच्याजवळ मूळ दप्तर नाही. ती नवे प्रथिन बनवू शकत नाही, बिघाड झाला तर तो फारसा सुधारू शकत नाही. सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहून ती मोडते. जे काही बरेवाईट लिहायचे, ते मज्जेतच लिहून झालेले असते.

सिकलसेलमध्ये ते लिखाण एका अक्षराने चुकते. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक आहे. ही साखळी १४६ मण्यांची माळ समजा. तिच्या सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले. प्राणवायू सोडला, की असे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ काड्या बनवते आणि पिशवी वाकडी होते, धान कापायच्या विळ्यासारखी. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य कळा सुरू होतात. या पेशी जेमतेम १० ते २० दिवस जगतात, म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे होतात. आपल्याकडे पिवळे डोळे पाहिले की कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतली जाते आणि खरा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. तसेच ‘रक्त कमी’ म्हणून लोहाची बाटली पाजत राहणेही चुकीचे आहे. येथे लोहाचा तुटवडा हे मूळ कारण नसते, तपासणीत कमतरता आढळली तरच लोह द्यावे.

हा आजार आपल्या भागात कधीपासून माहीत आहे? भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्याची नोंद झाली. मध्य भारतातील आढळ शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्या पाहण्यांत गोंड, माडिया, परधान, आपला पूर्वाश्रमीचा महार समाज, तेली, कुणबी, अशा अनेक समाजांत तो सापडला. काही समाजगटांत वाहकांचे प्रमाण शेकडा २० किंवा त्याहूनही अधिक आहे. गडचिरोलीत काम सुरू केल्यावर डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीही सिकलसेलची पाहणी केली होती. लोकांचा प्रतिसाद मात्र थंड राहिला, कारण ही तपासणी लोकांनी मागितलेली नव्हती. त्या अनुभवातून आपण काय शिकलो, हे डॉ. बंगांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आता मागणी आपल्याकडून गेली पाहिजे.

‘आमच्याच रक्तात हा दोष का?’ असे तरुण विचारतात, त्यांना दोन उत्तरे आहेत. एक उत्तर जंगलातल्या मलेरियाचे. ज्याच्याजवळ एक चांगले आणि एक बदललेले जनुक आहे, तो वाहक गंभीर फॅल्सिपेरम मलेरियातून वाचण्याची शक्यता अधिक असते, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. म्हणजे जेथे मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता, तेथे हे जनुक टिकले. ज्याच्याकडे दोन्ही जनुके बदललेली आहेत, त्याला मात्र मलेरिया अधिकच घातक ठरतो, हे विसरू नये. दुसरे उत्तर जातीचे. लग्ने पोटजातीतच होत राहिली, की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. जातीचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले होते. त्यांचा रोख समाजरचनेवर होता, पण त्या बंद दाराचा हिशेब रक्तातही निघतो.

आता ‘पॅटर्न’चा अर्थ. एए म्हणजे दोन्ही जनुके चांगली. एएस म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो, तो नांगर धरतो, नोकरी करतो, संसार करतो. एसएस म्हणजे आजारग्रस्त. नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक गरोदरपणात, हे लक्षात घ्या. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असा हिशेब काही घरांत आम्ही ऐकला आहे, तो खरा नाही. वाहकाचे लग्न एए व्यक्तीशी झाले तर एसएस मूल होत नाही. म्हणजे वाहक मुलीला नाकारण्याचे कारणच उरत नाही, समोरच्या मुलाचाही कागद पाहिला की पुरे. पण आमच्या पाहण्यात असे आले आहे, की कागद मुलीचाच मागितला जातो. बीटा साखळीचे जनुक आई आणि वडील दोघांकडून येते, हे सासरच्यांना कोण सांगणार?

दोघेही वाहक असून लग्न झालेच असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी लवकर डॉक्टरांकडे जावे. बाळ जन्मतः ठणठणीत दिसते, कारण गर्भातले हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळते. एसएस बाळाला पेनिसिलिन आणि लसी वेळेवर मिळाल्या तर जीव वाचतो. मोठ्यांना हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात. पाणी भरपूर पिणे हा साधा उपाय चंद्रपूरच्या मे महिन्यात औषधाइतकाच मोलाचा आहे. रोवणीच्या दिवसांत तासन् तास थंड पाण्यात उभे राहणे अशा रुग्णाने टाळावे.

२०२३ च्या अखेरीस इंग्लंड आणि अमेरिकेत जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच मज्जेतील मूळ पेशींत बदल करून गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आपल्या खेड्यासाठी ती बातमी अजून बातमीच आहे. आपल्या हाताशी आहे ते हे : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे.

विद्यार्थ्यांना एक सांगायचे राहिले. बोटातून थेंब घेऊन होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त दोष आहे की नाही ते सांगते, वाहक की आजारग्रस्त हे सांगत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करून घ्यावी आणि त्याचा कागद रेशनकार्डाजवळ जपून ठेवावा. सोयरिकीची बोलणी सुरू होण्याआधी तो हाताशी असला पाहिजे, मुलाचाही.