संशयाचं कारण लेखी हवं

बार रूममधला चहा अर्धवट टाकून सभागृहात आलेल्या वकील मित्रमैत्रिणींनो,

परिषदेच्या अध्यक्षानं न्यायव्यवस्थेच्या भवितव्यावर बोलावं, असा रिवाज आहे. मी एका छापील फॉर्मवर बोलणार आहे.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रस्त्यात कुणाला संशयावरून अडवलं की ‘यूएफ-250’ हा फॉर्म भरावा लागे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं 1968 साली ‘टेरी विरुद्ध ओहायो’ खटल्यात अशी मुभा दिली ती वाजवी, शब्दांत मांडता येईल अशा संशयापुरतीच. म्हणून फॉर्मवर कारणांच्या चौकटी होत्या. ‘संशयास्पद हालचाली’ ही त्यातली एक. या हालचाली म्हणजे काय, असं पुढे या अडवणुकीविरुद्धच्या खटल्यात विचारल्यावर एका पोलिसानं सांगितलं: दिशा बदलणं, विशिष्ट ढंगानं चालणं, अडखळत बोलणं. पोलिसासमोर न अडखळणारा अशील तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, तर मला जरूर भेटवा.

जानेवारी 2004 ते जून 2012 या काळात असे 44 लाखांहून अधिक प्रसंग नोंदले गेले. अडवलेल्यांत 52 टक्के कृष्णवर्णीय होते. शहराच्या लोकसंख्येत ते 23 टक्के. शंभरातल्या 88 जणांवर पुढे काहीच कारवाई झाली नाही. आणि शस्त्र सापडण्याचं प्रमाण? कृष्णवर्णीयांत 1 टक्का, गोऱ्यांत 1.4 टक्के. शहराचा बचाव असा, की गुन्ह्यांतले संशयित बहुतांश कृष्णवर्णीयच असतात, मग अडवलेलेही तेच असणार. न्यायाधीश शिरा शेंडलिन यांनी 12 ऑगस्ट 2013 च्या निकालात हा युक्तिवाद मुळापासून उखडला. अडवलेल्यांपैकी बहुतांश निरपराध निघाले. मग त्यांची तुलना गुन्हेगारांशी का करायची? माझ्या मते त्या जाडजूड निकालपत्राचं सार एवढंच आहे. पुढे अडवणुकीचे प्रकार काही हजारांवर आले. शहरात गुन्ह्यांचा भडका उडेल म्हणणारे होतेच. 2017 साली तिथले खून तीनशेच्या खाली होते.

हा खटला पोलिसांच्याच कागदावर उभा राहिला, आणि मला आपल्याकडची अडचण दिसते ती इथंच. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 पासून चालत आलेला कायदा 1952 साली देशभर रद्द झाला. तरी गावात घरफोडी झाली की जीप आधी पारध्यांच्या पालांकडे वळते, हे या सभागृहात कुणाला नव्यानं सांगायला नको. पण किती पालं उचकटली, काय सापडलं, कशाच्या संशयावरून? आपल्याकडे आकडा नाही. आकडा नाही म्हणून भेदभाव नाही, असं सरकारी वकील बिनदिक्कत म्हणू शकतात.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. वॉरंटशिवाय झडती घेताना कारणं लिहून ठेवण्याचं बंधन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 165 मध्ये होतं. ते 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185 मध्ये आलं आहे. शिवाय झडतीचं चित्रीकरण करायचं आहे, नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पोचवायची आहे, आणि जागेत राहणाऱ्यानं अर्ज केला तर त्याला ती फुकट मिळते. पालही जागाच आहे.

हा अर्ज आपल्यापैकी कितीजण करतात? जामिनाच्या धावपळीत तो राहून जातो, आणि अशिलाला तर तो ठाऊकच नसतो.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्यात पालावर झडती झाली, की त्याच आठवड्यात हा अर्ज फी न घेता दाखल करा. नोंद मिळाली तर तिची, आणि ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर त्या उत्तराची प्रत आपल्या परिषदेकडे पाठवा.