स्वरलिपी लिहून ठेवणारी बाई



मागच्या बैठकीत एकजण मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आपल्या राष्ट्रगीताची चाल एका बाईने लावली, आणि कुणाला त्याचा पत्ताच नाही!" टाळ्या पडल्या. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण वेळ संपली होती. ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

चाल रवींद्रनाथ ठाकुरांचीच. 'जन गण मन' प्रथम गायलं गेलं ते २७ डिसेंबर १९११ रोजी, काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात. फेब्रुवारी १९१९ मध्ये ठाकूर मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात मुक्कामाला होते. तिथे संध्याकाळी गाणी चालत, त्यात त्यांनी हे म्हटलं. प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स यांनी चाल नीट ऐकून स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून घेतली. मग विद्यार्थी ते गाऊ लागले. ठाकुरांनी त्याच मुक्कामात गाण्याचं इंग्रजी भाषांतर केलं.

'प्राचार्यांच्या पत्नी'! बघा, मीसुद्धा तेच म्हणून गेले. या बाईने आयर्लंडमध्ये संगीताची पदवी घेतली होती. बायकांच्या मताधिकारासाठी १९१० साली लंडनच्या हॉलोवे तुरुंगात गेली, आणि १९१३ साली डब्लिन कॅसलच्या काचा फोडून पुन्हा आत. १९१५ मध्ये भारतात आली. १९२७ च्या जानेवारीत इथे पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, ती मुख्यतः तिच्या पुढाकाराने. १९३२ साली इंग्रज सरकारच्या वटहुकमांविरुद्ध जाहीर सभेत बोलली म्हणून वेल्लोरच्या तुरुंगात गेली. एवढं असताना तिला न बांधलेल्या चालीचं श्रेय कशाला द्यायचं? ते कुणी खोडून काढलं की तिचं खरं कामही त्याबरोबर पुसलं जाईल.

आणि ते काम साधं नाही. पेटीवर बसणाऱ्या तुमच्यापैकी काहीजणींना ठाऊक असेल, ऐकलेली चाल कागदावर आणताना किती निसटतं. दोन सुरांमधली मींड त्या पाच ओळींवर कुठे ठेवायची? पण उतरवलं नाही, तर दहा तोंडी दहा चाली होतात. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं? शब्द काही लोकांनी गोळा केले, पण गळे गेले तशा कित्येक चाली गेल्या. कुणी लिहून घ्यायला बसलं नव्हतं. सभेचं इतिवृत्त लिहिण्याची पाळी आली की आपण तोंड चुकवतो, तेव्हा मला हे आठवतं.

आता एक वेगळंच. ठाकुरांच्या गाण्याला पाच कडवी आहेत. २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं ते पहिलं, बावन्न सेकंदांचं. चौथ्या कडव्यात तोच भाग्यविधाता आई होतो, भ्यालेल्या लेकरांना मांडीवर घेतो. शाळेत दहा वर्षं रोज राष्ट्रगीत म्हणून मला हे माहीत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर एका बंगाली मैत्रिणीने सांगितलं. देश म्हणजे आई, हे मला फारसं मानवत नाही. आईचा जयजयकार करणारेच घरात काय करतात, ते आपल्या सल्ला केंद्रात रोज दिसतं. तरी ते कडवं ऐकायला हवं, मग भांडू.

पेटी इथे आहे. मैत्रीणही आली आहे. ती आधी म्हणेल, आणि कुणीतरी वही काढा.