खुंट आपला, डोळा ग्राहकाचा

(मोर्शी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व संत्रा उत्पादक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे हे कळताच काही वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. ते साहजिकच आहे. मुलांच्या हातातील मोबाईल काढून घेता घेता आईवडील मेटाकुटीस आले असताना, त्याच खेळांकडून संत्री विकण्याची कला शिकावी असे कोणी म्हटले, तर नवल वाटणारच. तथापि, माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

वरुड-मोर्शीचा हा पट्टा विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून ओळखला जातो. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फळ उत्तम आहे. परंतु ते कोणाच्या घरी जाते, हे बागाईतदाराला क्वचितच ठाऊक असते. झाडावरचा माल व्यापाऱ्यास उक्ता दिला, की संबंध संपला. बांगलादेश हे आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने 2019 नंतर आयात शुल्क वाढवीत नेले आणि त्याची झळ थेट आपल्या बागांपर्यंत पोहोचली. एकाच दारावर विसंबून राहिल्याचा हा परिणाम होय.

आता खेळांकडे वळू. कलमाची गोष्ट मी तुम्हांस सांगावी असे नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला जातो. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे. 1993 मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ हा खेळ काढला, तेव्हा नेमके हेच केले. खेळ चालविणारी यंत्रणा आणि त्यातील नकाशे व चित्रे यांच्या फायली वेगवेगळ्या ठेवल्या. त्यामुळे खेळणारे आपापले नकाशे रचून त्यात भरू लागले. खुंट कंपनीचा, डोळा खेळणाऱ्याचा! ‘हाफ-लाइफ’ या खेळावर हौशी मंडळींनी भरलेल्या अशाच एका डोळ्यातून 1999 मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्मास आला आणि पुढे मूळ कंपनीनेच तो आपलासा केला.

2008 मधील ‘स्पोअर’ या खेळाचे उदाहरण तर विक्रीच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. खेळ सप्टेंबरात बाजारात आला. पण त्यातील प्राणी घडविण्याचे साधन जूनमध्येच लोकांच्या हाती देण्यात आले. लोकांनी लाखो प्राणी घडविले आणि ते एकमेकांना दाखविले. खेळाची जाहिरात खेळणाऱ्यांनीच केली.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा ‘लुडो किंग’ 2016 मध्ये आला आणि 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. खेळ आपल्या जुन्या पच्चीसीच्या वंशातला, नियम ठरलेले. पटाचे रूप मात्र खेळणाऱ्याने आपल्या आवडीप्रमाणे निवडावे, अशी त्यात सोय आहे.

यातून तीन गोष्टी ध्यानी येतात. पहिली, निवड मोजकी पण खरी असावी. दुसरी, माणूस जे स्वतः घडवितो ते कौतुकाने चार जणांना दाखवितो. तिसरी, खुंट निरोगी नसेल तर डोळा टिकत नाही.

संत्र्याच्या बाबतीत हे असे करता येईल. बागाईतदारांच्या एखाद्या गटाने मोबाईलवर साधा मागणी अर्ज तयार करावा. फळाचा आकार, पेटीचे वजन, खाण्यासाठी की रसासाठी, आणि तोडणीचा आठवडा, एवढेच ग्राहकास विचारावे. तोडल्यानंतर संत्रे अधिक पिकून गोड होत नाही. म्हणून तोडणीचा आठवडा ही खरी निवड ठरते. पेटीवर कोणाचे नाव घालावयाचे, तेही ग्राहकाने सांगावे. बहराच्या फुलापासून फळापर्यंतची छायाचित्रे त्याला वेळोवेळी पाठवावीत. आपली म्हणून निवडलेली पेटी घरी आली, की तो शेजाऱ्यास दाखविल्यावाचून राहणार नाही.

मात्र सारा माल अशा रीतीने विकला जाईल, असे आश्वासन मी देणार नाही. आपल्या संत्र्याची साल सैल. हाताळणीत ते लवकर दुखावते. म्हणून आरंभ अमरावती आणि नागपूर या जवळच्या शहरांपासून व थोड्या पेट्यांनी करावा. प्रतवारीत कसूर झाली, तर नाव एका पेटीत जाईल. पण थोड्या पेट्यांतूनही ग्राहकास काय हवे ते कळेल, आणि हे ज्ञान व्यापाऱ्याशी भाव ठरवितानाही उपयोगी पडेल.

येथे ग्रामपंचायत प्रतवारीसाठी जागा देऊ शकते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून बागेची छायाचित्रे व वर्णने तयार करून घ्यावीत. मोबाईलचा याहून चांगला उपयोग कोणता? वर्णन मात्र आपल्या बोलीतले असावे. याच तालुक्यातील रिद्धपूर ही लीळाचरित्राची भूमी आहे. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावे, हा धडा आपणांस बाहेरून आणावयास नको.

खेळांतील सर्वच अनुकरणीय नाही. पैसे घेऊन आत काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्या काही खेळांत विकल्या जातात. अशा काही खेळांतील पेट्या बेल्जियमने 2018 मध्ये जुगारात मोजल्या. आपल्या देशातही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली. आपली पेटी अशी नसावी. वर जे लिहिले तेच आत निघावे. ग्राहकाचे नाव व क्रमांकही विश्वासाने दिलेली ठेव समजून जपावेत.

मित्रहो, खुंट निवडण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. आता त्यावर एक डोळा ग्राहकालाही भरू द्या, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.