घरातील गाणे आणि मुलांची श्रद्धा

(चेन्नईतील गिंडी येथे मराठी भाषक पालकांपुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



गिंडीच्या परिसरात दोन टेकड्या आहेत. सैदापेठेकडील धाकटी चिन्नमलै आणि नैर्ऋत्येकडील मोठी परंगिमलै. येशूचा शिष्य संत थोमा धाकट्या टेकडीच्या गुहेत राहिला आणि मोठ्या टेकडीवर त्याला हौतात्म्य आले, अशी परंपरा आहे. ही कथा टिकवली ती मुख्यतः गाण्यांनी. केरळातील ख्रिस्ती घराण्यांत दिव्याभोवती फेर धरून ‘मार्गंकळी’ची गीते म्हटली जात, आणि त्यांतून थोमाचे चरित्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाई. श्रद्धा मुलांच्या हाती कशी द्यावी, या प्रश्नाचे एक जुने उत्तर अशा रीतीने गिंडीच्या शेजारीच उभे आहे.

गिंडीत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबापुढे हा प्रश्न दुहेरी असतो. मुलांची शाळा इंग्रजी, रस्ता तमिळ, आणि मराठी उरते ती घराच्या चार भिंतींत. आजीची प्रार्थना मुलाला कळत नाही, तेव्हा भाषेबरोबर त्या प्रार्थनेतला जिव्हाळाही निसटू लागतो.

तमिळ भूमीत मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण मात्र नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्रियार हे दोघेही श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचे विद्यार्थी. पुढे शास्त्रियार सरफोजींच्या दरबारी कवी झाले. सरफोजींच्या नावावर असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला आहे, शास्त्रियारांनी त्याच लोकनाट्यप्रकारात ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. एकाने गाण्यातून पृथ्वी शिकवली, दुसऱ्याने श्रद्धा. शास्त्रियार १८६४ मध्ये वारले, तरी त्यांच्या वंशजांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा घराण्याचा वारसा म्हणून पुढे चालवली.

मराठीतील उदाहरण याहून जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ज्ञानेश्वरांची ओवी कानावर असलेल्या लोकांना नवा धर्म ओवीतूनच आपलासा वाटेल, हे त्यांनी ओळखले आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. त्या पहिल्या छापील प्रती आज हाती लागत नाहीत. ग्रंथ वाचला तो कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या आणि उपवासकाळात एकत्र बसून गायलेल्या प्रतींमुळे. गोवा सोडून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी इतर सामानाबरोबर ही बाडेही नेली, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. राजसत्ता विरुद्ध असताना आणि गाव सुटलेले असताना घरातल्या गाण्याने भाषा व श्रद्धा दोन्ही तारल्या. गाव सोडून चेन्नईला आलेल्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर तर प्रत्येक मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे दुराव्याची, समाजाच्या रोषाची आणि मनाच्या ओढाताणीची होती. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की लक्ष्मीबाईंची श्रद्धा कोणी लादलेली नव्हती. ती त्यांनी आपल्या पावलांनी गाठली. टिळकांनी विदेशी चालींवर विसंबून न राहता अभंग आणि भजन यांतून ख्रिस्त गायला. त्यांची अनेक पदे आजही ‘उपासना संगीत’मधून मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते; शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. पुढे पुत्र देवदत्त आणि नातू अशोक यांनी ते साहित्यधन सांभाळले. एका घरातले गाणे तीन पिढ्यांना पुरले.

गाणे हे काम का करू शकते, याचे कारण शिक्षकांना ठाऊक असते. मूल आधी ध्रुवपद उचलते. अंतरा आई-वडील म्हणतात, मूल ध्रुवपदाशी येऊन मिळते, आणि अर्थ कळण्यापूर्वीच ते त्या उपासनेतले भागीदार होते. चाल शब्दांना धरून ठेवते. पाठांतर पुसले तरी पाळण्यातले गाणे पुसत नाही. अर्थ पुढे, एखाद्या दुःखाच्या किंवा कृतज्ञतेच्या क्षणी उमगतो, आणि त्या वेळी शब्द तोंडी असावे लागतात.

म्हणून पालकांनी सुरेल आवाजाची वाट पाहू नये. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण कितीही सुंदर असले, तरी मुलाला त्यातून गायक कळतो; आपल्या वडिलांचा विश्वास कशावर आहे हे कळत नाही. दिवेलागणीला किंवा जेवणापूर्वी दहा मिनिटे टाळ आणि एक पद एवढे पुरे. महिनाभर तेच पद म्हणावे. कठीण मराठी शब्दाचा अर्थ मुलाने विचारला तर थांबून सांगावा, विचारला नाही तर परीक्षा घेऊ नये. आजी गावी असेल तर तिच्याकडून फोनवर चाल शिकून घ्यावी. त्या निमित्ताने दोन पिढ्यांचे बोलणे होते. आणि शेजारच्या तमिळ ख्रिस्ती घरातील कीर्तनही मुलांना ऐकू द्यावे. त्याने आपले गाणे उणे होत नाही.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. गाणे श्रद्धेची हमी देत नाही. मोठे झाल्यावर मूल काय मानील, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. लक्ष्मीबाईंनाही कोणाच्या आज्ञेने तिथे पोहोचता आले नव्हते. पालकांच्या हाती एवढेच असते की, मुलाला ज्या दिवशी प्रार्थना करावीशी वाटेल, त्या दिवशी त्याच्यापाशी आपल्या आईच्या भाषेतले शब्द आणि त्यांची चाल असावी. तेवढे देणे मात्र आजच, आपल्याच घरात करावे लागते.