रात्रीचा रस्ता आणि मोटारीचा दिवा

कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना सुंदरपेरुमाळ कोयिल हे गाव लागते. ‘पेरुमाळ’ म्हणजे विष्णू आणि ‘कोयिल’ म्हणजे देऊळ. देवळावरूनच गावाला हे नाव पडले. भोसल्यांच्या राजधानीमुळे तंजावर मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. परंतु आजचा विषय इतिहासाचा नव्हे, तर अशा वाटेवरील अंधाराचा आहे. कावेरीच्या खोऱ्यातील हा मुलूख भातशेतीचा. अशा मुलखात रस्ता केवळ मोटारींचा नसतो. दिवेलागणीनंतरही त्यावरून सायकली जातात, शेतावरून परतणारी माणसे चालत असतात, क्वचित एखादी बैलगाडीही असते. यांपैकी अनेकांजवळ दिवा नसतो. त्यांचे प्राण मोटारचालकाच्या दिव्यावर आणि त्याहूनही अधिक त्याच्या विवेकावर अवलंबून असतात.

श्रोतेहो, या प्रश्नाच्या मुळाशी साधे गणित आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात ३३ मीटर अंतर सरते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणि उत्तम ब्रेक असतानाही गाडी थांबण्यास आणखी ४० मीटर लागतात. एकूण अंतर झाले ७३ मीटर. गडद कपड्यांतील पादचारी मात्र डिपरच्या, म्हणजे खाली वळविलेल्या झोताच्या प्रकाशात पुष्कळदा ५० मीटरच्या आतच नजरेस पडतो. म्हणजे चालकाने त्याला पाहिले, तरी गाडी थांबविणे त्याच्या हाती राहिलेले नसते. हाच वेग ताशी ५० किलोमीटर असता, तर गाडी सुमारे ३७ मीटरमध्ये थांबली असती.

मग सदैव लांब झोत का ठेवू नये? कारण रस्त्यावर समोरून येणाराही मनुष्यच असतो. तीव्र प्रकाशाने दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक तीन सेकंदांत ५० मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने काटतो. वयाबरोबर ही अडचण वाढते. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच असतो. समोरच्याने डिपर दिला नाही म्हणून आपणही न देणे, हा हट्ट दोन आंधळ्यांना एकमेकांवर सोडण्यासारखा आहे.

दिव्याची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंचीवर असेल आणि डिपरचा झोत दर १० मीटरला १० सेंटीमीटर उतरत असेल, तर तो ६५ मीटरवर रस्त्यास टेकतो. हा उतार फार नाजूक असतो. पुढच्या व मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीत सामान भरले आणि मागची बाजू केवळ अडीच सेंटीमीटर खचली, की उतार नाहीसा होतो व झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. चालकाला वाटते, आपण डिपर दिला आहे!

जुन्या तारा, गंजलेले सांधे आणि काचेवरील धूळ यांचा परिणामही असाच नकळत होतो. साध्या वा हॅलोजन दिव्याला मिळणारा विद्युतदाब दहा टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. त्यावर अधिक शक्तीचा दिवा बसविण्याचा मोह होतो. पण त्याने तारा तापतात आणि इतरांचे डोळे दिपतात. हॅलोजनसाठी घडविलेल्या आरशात एलईडी दिवा बसविल्यास झोताची आखणीच बिघडण्याचा संभव असतो.

भारतात एके काळी अनेक ठिकाणी हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगविण्याची पद्धत होती. हेतू चांगला होता. परंतु दोन तारांच्या दिव्यात डिपरच्या तारेखाली धातूची लहानशी वाटी असते. त्यामुळे तिचा प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तेथून खाली रस्त्याकडे वळतो. साहजिकच तो बव्हंशी काचेच्या वरच्या भागातून बाहेर येतो. म्हणजे रंगाने अडविला जाई तो मुख्यतः निरुपद्रवी, उपयोगी असा डिपरचाच प्रकाश! वस्तूचे कार्य न समजता केलेला उपाय कसा उलटतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरी बाजू पायी जाणाऱ्याची आणि गाडीवानाची आहे. सायकलीच्या मागे किंवा बैलगाडीच्या चौकटीवर लावलेली परावर्तक पट्टी आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठविते आणि गडद वस्त्रांपेक्षा कितीतरी दुरून चमकते. तिला ना तेल लागते, ना वीज. ज्याच्या दारात मोटार कधी यायची नाही, त्याचेही रक्षण ती करते.

तथापि मुख्य जबाबदारी वेगवान वाहनाचीच राहते. काचा पुसाव्यात, झोताचा उतार तपासून घ्यावा, ओझे भरल्यावर तो पुन्हा पाहावा, आणि समोर वाहन दिसताच डिपर द्यावा. या सर्वांच्या वर एक नियम आहे: जेवढे अंतर स्वच्छ दिसते, त्याच्या आत गाडी थांबविता येईल एवढाच वेग ठेवावा. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या वाटेवर असो की महाराष्ट्रातील एखाद्या घाटात, दिव्याच्या पुढे धावणारा चालक वस्तुतः अंधारातच धावत असतो; आणि त्या अंधारात कोणीतरी घराकडे निघालेले असते.